वळणाखालचं पाणी

कांबेला कान लावण्याआधी चावीवाला डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबायचा. मग छातीइतक्या उंच त्या लोखंडी कांबेचं खालचं टोक रस्त्यातल्या झाकणावर टेकवायचा, वरच्या टोकावरच्या लाकडी चकतीवर उजवा कान ठेवायचा आणि डोळे मिटायचा. डावा हात हवेत वर. म्हणजे आसपासच्यांनी गप्प बसायचं. आता ही गल्ली काही कुणाच्या हातवाऱ्यांनी गप्प बसणारी नव्हती. न्हावी गिऱ्हाईकाशी वाद घालत राहायचा, छापखान्यातलं मशीन धडधडत राहायचं, कुणाची तरी आई तिसऱ्या मजल्यावरून कुणाला तरी आंघोळीला बोलवत राहायची. पण हात वर करायची सवय लागली ती लागलीच.

सकाळी साडेपाचला वस्तीचं पाणी सोडायचं आणि साडेनऊला बंद करायचं, हे त्याचं काम. रस्त्याखालचे व्हॉल्व फिरवायला पुरुषभर लांबीची चावी लागते, वर आडवी मूठ असलेली. ती खांद्यावर टाकून तो छत्तीस वर्षं या गल्लीत फिरला. मोठ्यांचा तो चावीवाला, लहानांचा चावीकाका, आणि पाणी कमी आलं की सगळ्यांचाच दुश्मन. पण त्याची खरी कमाई होती तो कान. रस्त्याखाली कुठे पाइप फुटला असेल तर हा माणूस कांब टेकवत टेकवत जायचा, एका जागी थांबायचा, खडूने फुली मारायचा आणि म्हणायचा, ‘‘इथं खणा.’’ तिथेच पाणी सापडायचं. हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही.

डोळे मिटले की त्याच्यापुरती वरची गल्ली विरघळून जायची. खाली दुसरी गल्ली होती. तिथे पाट्या नव्हत्या, दुकानं नव्हती, फक्त पाणी कुठून कुठे चाललंय एवढंच होतं. न्हाव्याचा नळ नीट बंद होत नाही, टिपटिप करतोय. बेकरीत मैदा भिजवायला घेतलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी आज आंघोळीला उशीर केलाय. त्याला हे सगळं ऐकू यायचं आणि तो कुणाला सांगायचा नाही. दुपारी दीडच्या सुमाराला गल्ली जरा पेंगायची, तेव्हा तो काम नसतानाही उगाच एखाद्या झाकणावर कांब टेकवून उभा राहायचा. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला. झोपलेला नसायचा, पण जागाही नसायचा. त्याची बायको त्या कांबेला माझी सवत म्हणायची.

ही गल्ली वरच्या चौकातून निघते, सरळ शहाण्यासारखी उतारावरून चालते आणि बेकरीपाशी आल्यावर काही कारण नसताना डावीकडे वळते. का वळते, हे गल्लीत कुणालाही विचारा. खांदे उडवतील. खरं कारण म्हणजे खाली ओढा होता. सरळ चालायची ओढ्याला कधी सवय नसते, आणि घरं त्याच्या काठाने बांधली गेली. पुढे ओढा बुजवला. घरांचा वाकडेपणा तेवढा राहिला.

ओढ्याकाठी आधी आले रंगारी. कापड रंगवायचं तर पाणी लागतं, तेही भरपूर आणि वाहतं. म्हातारे सांगायचे की तेव्हा गटाराच्या रंगावरून वार ओळखता यायचा, सोमवारी निळं, मंगळवारी लाल. रंगाऱ्यांच्या कापड वाळवायच्या लांबच लांब खोल्या होत्या. रंगारी पांगले तेव्हा त्या खोल्यांत छापखानेवाले आले, कारण ओले कागद टांगायला त्यांनाही तसल्याच खोल्या हव्या होत्या. एका छापखान्याचं बस्तान उठलं, तिथे बेकरीची भट्टी बसली. मग शिकवण्या आल्या, मोबाइल दुरुस्तीवाले आले, आणि आता कॉफीची दुकानं आली आहेत, जिथे माणसं एक कप घेऊन अर्धा दिवस बसतात. एकेका भिंतीत चार चार धंद्यांचे खिळे आहेत. नवा आला की आधी जुने खिळे उपटायला जातो, एक-दोन निघतात, बाकीच्यांवर तो आपलं कॅलेंडर टांगतो. गल्लीचा इतिहास म्हणतात तो एवढाच.

तर या वळणावरच्या बेकरीच्या तिमजली घराला एक दिवस चीर गेली.

आधी ती कोपऱ्यात होती, नखाएवढी रुंद. दोन दिवसांत बोट जाईल एवढी झाली. बाहेरचा रस्ताही वळणाशी वीतभर खचला. तळमजल्यावर बेकरी, तिच्या मागच्या खोलीत बेकरीवाला, त्याची बायको आणि सात वर्षांच्या दोन जुळ्या मुली. वरच्या मजल्यांवर आणखी तीन कुटुंबं. सगळे रस्त्यावर उतरून भिंतीकडे बघत उभे राहिले आणि मग साहजिकच कुणीतरी म्हणालं, ‘‘चावीकाकांना बोलवा.’’

चावीवाला आला. टोपी खिशात गेली, कांब वळणावर टेकली, डोळे मिटले, हात वर झाला. आणि त्या दिवशी गल्ली खरोखर गप्प बसली. न्हावीसुद्धा.

त्याला लगेच ऐकू आलं. बारीक, किंचित घोगरा, मध्येच दम घेणारा आवाज. खाली खोल, रस्त्याच्या डाव्या अंगाला. हा आवाज त्याने एकवीस वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळखायला त्याला एक श्वाससुद्धा लागला नाही. नव्या लाइनचा आवाज असा नसतो. ही जुनी लाइन होती, ओढ्याच्या काठाकाठाने टाकलेली बिडाची लाइन, जी कागदोपत्री बत्तीस वर्षांपूर्वी मेली होती. कागदाखाली सही चावीवाल्याची होती.

‘‘काका, आहे का पाणी?’’ बेकरीवाल्याने विचारलं.

‘‘नाही,’’ चावीवाला म्हणाला.

त्याने टोपी घातली, कांब खांद्यावर टाकली आणि तो तिथून निघाला. पन्नास पावलांवर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

खोटं तो सहसा बोलत नसे. बत्तीस वर्षांपूर्वीही तो खोटं बोलला नव्हता, फक्त एक काम अर्धवट ठेवलं होतं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. गल्लीत नवी लाइन पडली होती आणि ऑफिसातून हुकूम आला होता: जुने व्हॉल्व कायमचे बंद करा, झाकणं बुजवा, रजिस्टरमध्ये नोंद करा. ज्याला पाणी हवं असेल त्याने नव्या लाइनसाठी अर्ज करावा, सोबत जागेचा कागद जोडावा. वळणाच्या मागच्या अंगणात गल्लीतला शेवटचा रंगारी राहत होता आणि त्याच्याकडे जागेचा कागद नव्हता. त्याचा आजा ओढ्याकाठी येऊन बसला तेव्हा कागद मागायलाही कुणी नव्हतं. रंगारी मानी होता. अर्ज घेऊन ऑफिसात गेला, तिथल्या कारकुनाने दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा तो गेलाच नाही.

त्या रंगाऱ्याला एक मुलगी होती. कोपरापर्यंत निळे हात, आणि जीभ अशी तिखट की नको. चावीवाल्याची तिची ओळख भांडणातूनच झाली होती. रंगवलेलं कापड शेवटपर्यंत वाहत्या पाण्यात खळबळावं लागतं, अगदी पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मध्येच पाणी गेलं तर रंग डाग धरतो आणि कापड वाया जातं. एक दिवस ती तसलं ठिपक्याठिपक्यांचं कापड घेऊन भर रस्त्यात त्याच्यासमोर उभी राहिली. ‘‘साडेनऊला चावी फिरवलीत ना? मग आता हे तुम्हीच शिवून घाला अंगात!’’ गल्ली पोट धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून वळणावरचा व्हॉल्व सगळ्यांत शेवटी बंद होऊ लागला, साडेनऊऐवजी पावणेदहाला. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

जुना व्हॉल्व बंद करायचा दिवस आला तेव्हा तो झाकण उघडून चावी फिरवत होता. सोळा फेऱ्यांचा व्हॉल्व होता तो. मोजत मोजत साडेचौदा झाले. तेवढ्यात त्याने मान वर केली तर अंगणाच्या दारातून ती दिसली. मोठं पिवळं कापड, अर्धं खळबळून झालेलं, अर्धं अजून हौदाच्या काठावर. तो थांबला. एवढं कापड होऊ दे, मग दीड फेरा फिरवू, असं त्याने ठरवलं. कापड झालं. तिने लगेच दुसरं बुडवलं. मग डांबरवाले आले, त्यांना घाई होती, त्यांनी झाकणावर खडी ओतली. चावीवाल्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘बंद केला’, आणि खाली सही केली.

वर्षभराने तिचं आणि त्याचं लग्न झालं. अंगणातलं पाणी कुठून येतं हे तिने कधी विचारलं नाही. तिला वाटलं, वडिलांनी शेवटी कागदाचं काहीतरी जमवलं. वडिलांना वाटलं, जावई ऑफिसातला, त्याने रीतसर करून दिलं असेल. मंडळी आपापल्या जागी समाधानी होती आणि चावीवाल्याची अळीमिळी गुपचिळी. त्या दीड फेऱ्याच्या पाण्यावर तो रंगारी आणखी अकरा वर्षं चालला. झाकण बुजल्यामुळे तो व्हॉल्व रोज बंद करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून अंगणाला दुपारीही पाणी असायचं. दुपारी चावीवाला वळणावर कांब टेकवून उभा राहायचा आणि जुन्या लाइनचा तो घोगरा आवाज ऐकून त्याला कळायचं की बायको माहेरी आली आहे आणि हौदात उभी आहे. ती घाईत असली तर आवाज घाईत असायचा. ती अशी आपल्याला ऐकू येते हे त्याने तिला कधीच सांगितलं नाही, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पुढे सासरे गेले, अंगण विकलं, नव्या मालकाने नळाचं तोंड ठोकून बंद केलं. पाणी जुन्या पाइपात नुसतं उभं राहिलं. त्यालाही आता एकवीस वर्षं झाली होती. आता कुठेतरी गंजाने पाइपाला भोक पडलं होतं आणि उभं पाणी चालायला लागलं होतं. पाणी वर येत नव्हतं, बुजवलेल्या ओढ्याच्या जुन्या वाटेने जात होतं आणि जाताना बेकरीच्या पायाखालची माती घेऊन जात होतं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून इंजिनिअर मॅडम आल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, कानाला हेडफोन, हातात मशीन. नकाशा उघडून त्या नव्या लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या. जुनी लाइन नकाशात नव्हतीच, त्यामुळे तिच्यावरून त्या चालल्याच नाहीत. ‘‘लाइन ठणठणीत आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काका, तुमचं मत?’’

‘‘मशीन म्हणतंय तेच,’’ चावीवाला म्हणाला.

‘‘मग पायाच खचतोय. जुनं घर, भरावाची जमीन. पाणी असतं तर बरं झालं असतं, पाणी बंद करता येतं. खड्डा भरून टेकू देता आले असते. नुसता पाया गेला असेल तर घर उतरवावं लागेल.’’

म्हणजे हे असं होतं. पाणी सापडलं तर घर वाचणार होतं, नाही सापडलं तर पाडणार होते. आणि पाणी कुठे आहे हे जगात एका माणसाला ठाऊक होतं. त्याची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. खोट्या सहीबद्दल ऑफिस काय करतं हे त्याने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला ऑफिसची तेवढी भीती नव्हती. भीती होती घरची. माझ्या बापाने आयुष्यात कुणाचं फुकट घेतलं नाही, हे त्याची बायको महिन्यातून एकदा तरी म्हणायची.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती सांगायला मलाही जड जातं, पण घडली ती घडली. पहिल्या दिवसापासून पुढचे नऊ दिवस तो रोज दुपारी वळणावर जात होता. लोकांना वाटायचं, बिचारा अजून शोधतोय. तो शोधत नव्हता. कांबेवर कान टेकवायचा, आवाज यायचा, आणि मिटल्या डोळ्यांपुढे ते अंगण उभं राहायचं. दोऱ्यांवर ओली कापडं, खाली ठिबकणारे लाल, पिवळे थेंब, हौदात गुडघाभर पाण्यात उभी असलेली ती, हात निळे, केस सुटलेले, आणि ती मान वळवून काहीतरी लागट बोलणार एवढ्यात गालात हसतेय. चोवीस वर्षांची. तो तिथे वीस-वीस मिनिटं उभा राहायचा. त्या वेळात त्याला भिंत आठवायची नाही, चीर आठवायची नाही, आपण अठ्ठावन्न वर्षांचे आहोत हेही आठवायचं नाही. त्याच्या पाठीशी, दहा पावलांवर, ती चीर रोज थोडी थोडी वर चढत होती. हे त्याचं वागणं वाईट होतं आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

नवव्या दिवशी दुपारी घरावर नोटीस लागली. दोन दिवसांत खाली करा. वरची दोन कुटुंबं बोचकी बांधायला लागली. इंजिनिअर मॅडम छापखान्याच्या पायरीवर बसून कागद भरत होत्या. चावीवाला कांब घेऊन वळणावर आला तेव्हा बेकरीवाला भट्टीसमोर रिकामा बसला होता. भट्टी विझवलेली होती. छत्तीस वर्षांत चावीवाल्याने ती भट्टी दिवसा कधी थंड बघितली नव्हती.

‘‘या काका, बसा,’’ बेकरीवाला म्हणाला. ‘‘ब्रेड नाही आज.’’

चावीवाला बसला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीला लागून एक पलंग होता, त्यावर दोघी मुली पालथ्या पडून वहीत काहीतरी रंगवत होत्या. चीर पलंगाच्या वरून तिरकी गेली होती. तिच्यात कुणीतरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते.

‘‘पोरी इथंच झोपतात?’’ चावीवाल्याने विचारलं.

‘‘इथंच. बायकोचं चाललं होतं माहेरी पाठवू म्हणून. वरच्या बाई पहिल्याच दिवशी पोरांना घेऊन बहिणीकडे गेल्या. मी म्हटलं, काही गरज नाही.’’ बेकरीवाल्याने हात झटकले. ‘‘म्हटलं, पाणी असतं तर भिंत एका रात्रीत बसली असती. पण चावीकाका नाही म्हणालेत ना? मग नाही. मॅडमच्या मशीनचं मला कळत नाही, पण तुमच्या कानावर माझा भरवसा आहे. त्या भरवशावर तर पोरी झोपतात.’’

चावीवाला उठला आणि तडक घरी गेला. टोपी रस्त्यात कुठे पडली ते त्याला कळलं नाही.

बायको खिडकीशी बसून उशीचे अभ्रे दुमडत होती. त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘‘अहो, काय झालं? चेहरा का असा पांढराफटक?’’

त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिवळं कापड, दीड फेरा, रजिस्टर, अकरा वर्षं, घोगरा आवाज. सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. तिच्या हातातला अभ्रा अर्धाच दुमडलेला राहिला.

‘‘म्हणजे बाबांचं पाणी चोरीचं होतं,’’ ती म्हणाली.

‘‘चोरी मी केली. त्यांना माहीत नव्हतं.’’

‘‘मला तरी सांगायचं होतं.’’

‘‘तू त्यांना सांगितलं असतंस. मग त्यांनी नळ फोडून टाकला असता.’’

हे खरंच होतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं. मग तिने विचारलं, ‘‘हे बेकरीखालचं तुम्हाला कधी कळलं? आज?’’

‘‘पहिल्या दिवशी.’’

‘‘नऊ दिवस?’’

त्याने मान हलवली.

‘‘त्या पोरी भिंतीखाली झोपताहेत आणि तुम्ही नऊ दिवस...’’ ती उठली. त्याने तिला अनेकदा चिडलेलं पाहिलं होतं, पण असा आवाज ऐकला नव्हता. हा आवाज अगदी हळू होता. ‘‘तेव्हाचं जाऊ द्या. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी केलंत, आणि मला त्याचा राग येतोय की आणखी काही वाटतंय, ते मी नंतर बघेन. पण आताचं हे माझ्यासाठी केलं असं म्हणू नका. चला.’’

‘‘मी सकाळी ऑफिसात...’’

‘‘आत्ता. आत्ताच्या आत्ता.’’

ती पुढे आणि तो चावी घेऊन मागे, असे दोघे वळणावर आले तेव्हा ऊन अजून घरांच्या वरच्या खिडक्यांवर होतं. ती आधी बेकरीत शिरली, दोन्ही मुलींना पलंगावरून उठवलं, एकेका हाताला एकेक धरून रस्त्यापलीकडे न्हाव्याच्या बाकावर नेऊन बसवलं. मुलींच्या वह्या न्यायलाही ती विसरली नाही. चावीवाल्याने कांब टेकवली नाही. त्याची गरज नव्हती. तो वाकला, खचलेल्या रस्त्याच्या डाव्या अंगाला त्याने खडूने फुली मारली आणि पायरीवरच्या इंजिनिअर मॅडमना म्हणाला, ‘‘इथं खणा. खाली जुना व्हॉल्व आहे. मी बंद केला म्हणून लिहिलं होतं. केला नव्हता.’’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘‘काका, तुम्हाला ऐकू आलं होतं?’’

‘‘पहिल्याच दिवशी.’’

‘‘मला हे लिहावं लागेल.’’

‘‘लिहा. स्पष्ट लिहा.’’

दोन माणसं पहारी घेऊन आली. डांबराचे थर एकावर एक निघायला लागले. गल्ली जमा झाली होती. कुणी आडून बोललं, कुणी तोंडावर बोललं. न्हावी म्हणाला, ‘‘आम्ही याचं देवासारखं ऐकायचो.’’ बेकरीवाला मात्र खड्ड्याच्या कडेला उभा होता. झाकणावर पहारीचा आवाज झाला तेव्हा तो चावीवाल्यासमोर येऊन उभा राहिला.

‘‘घर पडलं असतं तरी मी तुमच्यावर भरवसाच ठेवला असता, काका,’’ तो म्हणाला. ‘‘घर वाचेल आता. पण यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नका.’’

चावीवाल्याने मान खाली घातली. समजूत घालायला कुणी पुढे आलं नाही, आणि तेच योग्य होतं.

झाकण निघालं. आत ओल्या मातीत जुन्या व्हॉल्वचं चौकोनी टोक दिसलं, गंजून तांबडं झालेलं. चावीवाला खड्ड्यात उतरला, त्याने माती बाजूला केली, चावी टोकावर बसवली आणि मुठीवर दोन्ही हात ठेवले. फिरवायचा तो थांबला. कारण बायको खड्ड्याच्या काठावर आली होती. तिच्या हातात त्याची कांब होती.

‘‘मला ऐकू द्या,’’ ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने कांबेला कान लावला नव्हता. कसा लावायचा हे तिला कुणी दाखवलं नव्हतं, पण ती त्याला बघत आली होती. तिने खालचं टोक व्हॉल्वच्या बाजूच्या पाइपावर टेकवलं, केस मागे सारले आणि लाकडी चकतीवर कान ठेवला. डोळे मिटले. लोक कुजबुजत होते ते हळूहळू थांबले. चावीवाला मूठ धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आधी तिच्या कपाळाला आठी होती, अनोळखी गोष्ट ऐकताना पडते तशी. मग आठी गेली. तिचे ओठ किंचित हलले, आणि मोकळा हात आपोआप पुढे आला, पाण्यात कापड सोडताना पुढे यायचा तसा, आणि हवेत सावकाश मागे-पुढे होऊ लागला. तो किती वेळ बघत होता हे त्याला सांगता आलं नसतं. ती त्या आवाजात कुठे उभी आहे हे मात्र त्याला नेमकं ठाऊक होतं. तिथे तिचा बाप जिवंत होता.

‘‘बाई,’’ इंजिनिअर मॅडम हळूच म्हणाल्या, ‘‘उशीर होतोय. माती जातेय.’’

बायकोने डोळे उघडले नाहीत. पण तिचा हात थांबला. रस्त्यापलीकडे बाकावर जुळ्यांतली एक दुसरीच्या खांद्यावर पेंगत होती, बेकरीवाला त्यांच्याशेजारी उकिडवा बसला होता, आणि हे सगळं न बघताही जणू तिला दिसत होतं.

‘‘फिरवा,’’ ती म्हणाली.

चावीवाल्याने जोर लावला. गंज कुरकुरला. पाव फेरा, अर्धा. तिने कान काढला नाही. एक फेरा पूर्ण झाला. कांब तिच्याकडे होती, खड्ड्यात उभ्या असलेल्या त्याला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून तो वर तिच्याकडे बघत बघत चावी फिरवत राहिला, आणि पाणी कधी थांबलं ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.